आज सायकल घरी राहू दे

चिकनगुनियाचा ताप लवकर उतरतो, सांध्यांचं दुखणं मात्र मुक्कामाला राहतं. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात ही साथ फिरली तेव्हा ज्यांना ती झाली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मनगटं, बोटांची पेरं, घोटे धरले जातात. सकाळी पलंगावरून उतरताना तळपायांना जमीन नकोशी होते. दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही. अशातच रक्ताचे रिपोर्ट नीट येतात, तोंडाला चव येते, ऑफिसातून "कधीपासून येताय?" असा फोन येऊन जातो आणि घरचेही म्हणायला लागतात, झाली बरी. मलाही बरंच वाटत होतं. मुलाने सायकलमध्ये हवा भरून ठेवली होती. मी पार्किंगमध्ये जाऊन हँडल धरलं आणि दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. उजवा जेमतेम अर्धा दाबला गेला. डावा तेवढाही नाही.

मी सायकल पुन्हा भिंतीला लावली आणि मेट्रोने ऑफिसला गेले. येरवड्याचं मेट्रो स्थानक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालं होतं, त्यामुळे वनाझला बसून थेट तिथे उतरता येत होतं. ब्रेक पूर्ण दाबता येईपर्यंत मी तसंच जात राहिले, आणि त्या काळात खिडकीतून खालचा रस्ता पाहत एका गोष्टीवर पुष्कळ विचार केला.

कोथरूड ते येरवडा सायकलने जायला लागून मला बरीच वर्षं झाली. कर्वे रस्ता, डेक्कन, शिवाजीनगर, संगम पूल, बंडगार्डन असा माझा मार्ग. सायकल सुरक्षित कशी चालवायची हे मला अनेकांनी शिकवलं. हेल्मेट घाला, मागे लाल दिवा लावा, अंगावर चमकणारी पट्टी असू द्या, सिग्नलला ट्रकच्या डाव्या बाजूने आत घुसू नका. सगळं खरं आहे आणि मी ते पाळते. पण सायकलवर बसणारं माणूस त्या दिवशी कसं आहे, याबद्दल कुणी काही विचारलेलं मला आठवत नाही. रात्री झोप झाली का, अंगात कणकण आहे का, कुठली गोळी घेतली आहे का. सायकल दुरुस्त करणारा ब्रेकची वायर ताणून देतो, रबर बदलून देतो. ती वायर आवळणारी बोटं कुणी तपासत नाही.

थोडा हिशोब मांडून बघू. ताशी २० किलोमीटरच्या वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. समोर कुणी आडवं आलेलं दिसल्यापासून बोटं आवळेपर्यंत एरवी एक सेकंद जात असेल आणि आज दीड गेला, तर आपण पावणेतीन मीटर जास्त गेलेलो असतो. एक रिक्षा जवळपास तेवढीच लांब असते. म्हणजे रोज रिक्षाच्या मागे थांबणारं माणूस त्या दिवशी रिक्षात जाऊन आदळेल. पावसात चाकाची रिम ओली असेल तर ब्रेक लागायलाच आणखी वेळ जातो. त्या अर्ध्या सेकंदासाठी फार मोठं आजारपण लागत नाही.

सर्दीला तर आपण आजार म्हणतच नाही. सर्दी झाली म्हणून रजा मागणाऱ्याकडे ऑफिसात कसं पाहतात ते सगळ्यांना माहीत आहे. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीजवळ १९४६ पासून काही दशकं निव्वळ सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. स्वयंसेवक तिथे येऊन राहत, नाकात विषाणूचे थेंब घालून घेत आणि पुढे काय होतं ते डॉक्टर नोंदवत. १९८० च्या दशकात तिथे एक वेगळं काम झालं. आजारी पडलेल्यांचं लक्ष किती टिकतं, हात किती अचूक चालतो, याच्या चाचण्या घेतल्या गेल्या. फ्लू झालेल्यांना अचानक समोर येणारी खूण टिपायला नेहमीपेक्षा वेळ लागत होता. साधी सर्दी झालेल्यांचा डोळा आणि हात यांचा मेळ बिघडला होता. मी हे वाचलं तेव्हा मला आमचा रस्ता आठवला. नळ स्टॉपच्या दुमजली पुलाच्या तोंडाशी काही वाहनं पुलावर चढायला सरकतात, काही खालून जायला डावीकडे येतात, आणि त्या सगळ्यांच्या मधून आपल्याला आपली रेघ धरून जायचं असतं. तिथे डोळा आणि हात यांच्या मेळाशिवाय आपल्याकडे दुसरं काय असतं?

आणि कान. गर्दीच्या रस्त्यावर सायकलवाला मागचं सगळं कानाने पाहतो. पीएमपीची बस किती जवळ आली, मागची मोटरसायकल कुठल्या बाजूने काढणार, डंपर वेग कमी करतोय की नाही, हे मान न वळवता कळत असतं. बॅटरीवरच्या बस आल्यापासून तो आधार तसाही कमी झाला आहे. सर्दीने कानात दडे बसले की उरलेलाही जातो. शिवाय शिंका. एक शिंक आली तर डोळे क्षणभरच मिटतात, पण सर्दीत शिंक एकटी कुठे येते? लागोपाठ येतात, आणि त्या येत असताना एक हात रुमालासाठी खिशाकडे गेलेला असतो.

सर्दीपेक्षाही मला सर्दीच्या गोळीची जास्त काळजी वाटते. मेडिकलमध्ये "सर्दीचं काहीतरी द्या" म्हटलं की जी गोळी मिळते, तिच्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारं एक औषध आणि क्लोरफेनिरामीन असतं. या शेवटच्या औषधाने झोप येते, हे घेणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तर आपण ती रात्री घेतो. पण क्लोरफेनिरामीन शरीरातून निम्मं जायलाच सुमारे २० तास लागतात. रात्री झोपताना घेतलेली गोळी सकाळी नऊला डेक्कनच्या सिग्नललाही आपल्या अंगात असते. तेव्हा पेंग येत नसेल, डोळेही उघडे असतील, तरी सगळं किंचित मागून येत असतं. सेटिरिझिनने त्यामानाने कमी झोप येते, पण काहींना तीही पुरेशी जड पडते. फेक्सोफेनाडिनसारखी झोप न आणणारी औषधंही आहेत. डॉक्टरांना एवढंच सांगायचं, की मी सायकलने कामावर जाते. माझ्या अनुभवात हे वाक्य ऐकल्यावर डॉक्टर चिठ्ठीवरचं नाव बदलतात. आपण ते वाक्य म्हणत नाही, कारण "गाडी चालवणं" म्हणजे मोटार चालवणं असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे.

चाळिशी उलटल्यावर आणखी दोन गोष्टी मागे लागतात, मान आणि चक्कर. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे सायकलवाल्याला सगळ्यांत गरज असते ती उजव्या खांद्यावरून मागे पाहण्याची. उभी रिक्षा टाळून पुढे जायचं असो की उजवीकडे वळायचं असो, त्याआधी मागे एक नजर टाकावीच लागते. मान आखडलेली असेल तर माणूस ती नजर टाकत नाही. अंदाजाने सरकतो. आणि कानातले सूक्ष्म खडे जागचे हलल्यामुळे येणारी चक्कर तर नेमकी डोकं वळवल्यावरच येते. म्हणजे जी हालचाल आपल्याला वाचवणार, तीच आपल्याला पाडू शकते. म्हणून मी निघण्याआधी पार्किंगमध्ये सायकल धरून उभी राहते आणि आधी उजव्या, मग डाव्या खांद्यावरून मागे पाहते. भिंत स्थिर राहिली आणि मान दुखली नाही, तरच पुढचं.

आता झोप. याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या वयाच्या बायकांना ही गोष्ट रोज भेटते आणि तिच्याबद्दल बोललं जात नाही. पाळी जायच्या आधीची काही वर्षं रात्री दोन-तीनला घामाने जाग येते. पंखा वाढवायचा, पाणी प्यायचं, कूस बदलत पडायचं, आणि पुन्हा डोळा लागतो न लागतो तोच डब्याची वेळ होते. असं एखाद्या रात्री होत नाही, महिनोन्‌महिने होतं. माणसाला त्याची सवय होते. "मला सहा तास झोप पुरते" हे वाक्य मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्या खरंच तसं समजतात.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. धडधाकट माणसांना सलग १४ रात्री ठरावीक तासच झोपू दिलं आणि दिवसा त्यांच्या चाचण्या घेतल्या. रोज सहा तास झोपणारे दिवसागणिक चुकत गेले. दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांची अवस्था एक-दोन रात्री पूर्ण जागलेल्या माणसाइतकी वाईट झाली होती. पण मला जास्त अस्वस्थ केलं ते पुढच्या भागाने. "किती झोप येते आहे?" असं विचारल्यावर ही माणसं सांगत होती, फारशी नाही. काम ढासळत चाललं होतं, पण तसं त्यांना वाटत नव्हतं. थकव्याचं मोजमाप करणारा मेंदू स्वतःच थकलेला असतो, मग त्याला आपली अवस्था कळणार कशी?

ऑस्ट्रेलियातल्या १९९७ च्या एका प्रयोगातून असं दिसलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळा रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा चालतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ती १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पहाटे पाचला उठून डबे, पाणी, नोकरी आटोपून रात्री दहाला क्लासहून मुलीला आणायला निघालेली बाई त्या मर्यादेच्या बरीच पलीकडे गेलेली असते, आणि तिने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नसतो.

सायकलवर झोप लागत नाही, असं म्हणतात. बऱ्याच अंशी ते खरं आहे. वारा लागतो, पाय चालू असतात, छाती भरून श्वास येतो. मोटार चालवणारा जसा स्टिअरिंगवर पेंगतो तसं सायकलवर सहसा होत नाही. पण याच कारणाने सायकलवरचा थकवा फसवा असतो. पहिल्या दहा मिनिटांत तरतरी येते आणि वाटतं, निघालो ते बरं केलं. ती तरतरी अंगाची असते. डोक्याला विश्रांती मिळालेली नसतेच. थकलेली नजर समोर खिळून राहते, कडेचं काही टिपत नाही. गल्लीतून बाहेर येणारी दुचाकी, उघडू पाहणारं मोटारीचं दार, खचलेलं चेंबरचं झाकण, पावसाच्या पाण्याच्या जाळीतल्या उभ्या फटी, हे सगळं नजरेच्या कडेलाच असतं. शिवाय थकलेल्याला थांबायचा कंटाळा येतो. एरवी ज्या फटीतून आपण जाणार नाही, तिच्यातून जातो, कारण थांबलं की पुन्हा शून्यातून वेग घ्यावा लागतो आणि पायांना ते नको असतं. रोज कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर मी हे दुसऱ्यांमध्ये पाहते. सिग्नल पिवळा झालेला असताना वाकून जोर लावणारी माणसं बेदरकार नसतात. ती दमलेली असतात आणि त्यांना घरी जायचं असतं.

चढावर थकवा आणखी वेगळ्या प्रकारे गाठतो. सायकल वेगात असते तोवर सरळ जाते. वेग फार कमी झाला की चाक डावं-उजवं करत तोल सावरावा लागतो. कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाकडे चढताना दम तुटलेला माणूस हातभर जागा जास्त घेतो, आणि नेमकं तिथेच मागचा ट्रक त्याला हातभर कमी देतो. अंगात रक्त कमी असेल तर हा दम फार लवकर तुटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या राज्यात मानव विकास मिशनमधून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. फार चांगलं काम आहे ते, कितीतरी मुलींचं शिक्षण त्या सायकलींनी टिकवलं. त्या सायकलीवर बसणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन किती आहे, आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी पोटात कळा येत असताना ती हायवे ओलांडते का, हेही त्याच आपुलकीने बघायला हवं असं मला वाटतं.

उपवासाचं थोडक्यात सांगते. चतुर्थीला किंवा नवरात्रात रिकाम्या पोटी सायकल काढायची असेल तर खिशात खडीसाखर हवी, आणि मधुमेहावर इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या खिशात ती कायम हवी. सायकल चालवल्याने साखर उतरते, म्हणून तर डॉक्टर चालवा म्हणतात. पण ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, आणि पुढे विचार गोंधळतो. गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलो आहोत हे कळत नाही. थरथर जाणवली की त्याच क्षणी कडेला उतरायचं, साखर खायची आणि निदान पंधरा मिनिटं बसायचं. पुढचा चौक गाठून मग बघू, असं करायचं नाही.

हे सगळं माहीत असूनही माणसं निघतात. का निघतात, यावर मी बराच विचार केला आहे. सायकलने कामावर जाणाऱ्याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, नातेवाइकांत. "ऊन असो पाऊस असो, ताई सायकलनेच येणार." ते कौतुक सुखावतं आणि हळूहळू पायात अडकतं. सायकलवाला आजारी पडत नाही, असं एक चित्र तयार होतं आणि ते मोडवत नाही. भर घालायला मोबाइलमधली ॲप आहेतच. शंभर दिवस सलग, महिन्याला अमुक किलोमीटर. नव्वदाव्या दिवशी ताप आलेल्याने काय करायचं? साखळी तोडू नका, असं ग्रुपवर लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की आजारपणाचे दिवस मोजणीतून वगळा आणि तसं जाहीर करा. एखादा नवखा मुलगा तुमच्या त्या एका वाक्यावर ताप अंगावर काढून निघू शकतो. ताप असताना हृदयावर आधीच ताण असतो. काही विषाणूंनी हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी केलेले श्रम जिवावर बेतू शकतात. गळ्याच्या वरचं दुखणं असेल, नाक वाहणं वगैरे, तर हलका व्यायाम चालतो. ताप, छातीतला खोकला, अंगदुखी असेल तर नाही, असा एक जुना ठोकताळा खेळाडूंचे डॉक्टर सांगतात. तो व्यायामापुरता आहे. रस्त्यावरच्या गर्दीसाठी मी त्याहून कडक राहते.

जिद्दीची उदाहरणं द्यायची तर ती पूर्ण द्यावीत. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ, आणि त्यांच्यामागोमाग नागपूरचे डॉ. अमित समर्थ. बारा दिवसांची मुदत, झोप नावापुरती. आपल्या सगळ्यांना त्यांचा अभिमान आहे. पण त्या शर्यतीत रात्री सायकलस्वाराच्या मागे त्याच्या चमूची गाडी असावीच लागते. तिचा उजेड त्याच्यावर पडत असतो, तो डुलायला लागला तर ओळखणारी आणि थांबवणारी माणसं तिच्यात असतात. झोप अपुरी असताना सायकल चालवणं किती धोक्याचं आहे हे त्या लोकांना सर्वांत जास्त माहीत आहे. संगम पुलावर माझ्यामागे तशी गाडी नसते.

आता ज्यांच्यासाठी मला हा लेख खरं तर लिहावासा वाटला, त्यांच्याबद्दल. मी सायकल घरी ठेवू शकते. मेट्रोचं तिकीट काढू शकते, रिक्षा करू शकते, रजा टाकू शकते. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणारे लोक कामावर कसे जातात हे नोंदलं गेलं, तेव्हा देशात त्यांतले साधारण १३ टक्के सायकलने जात होते. मोटरसायकल-स्कूटरने जाणाऱ्यांपेक्षा हा आकडा किंचित जास्तच होता. त्यांतले फार थोडे माझ्यासारखे हौसेने सायकल निवडणारे. बाकीचे एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, गवंडी, पहाटे पेपर आणि दूध टाकणारी मुलं, वॉचमन. त्यांच्या रजेचा दिवस म्हणजे पगार कापलेला दिवस.

आमच्या सोसायटीत रात्रीच्या पाळीला जे मामा आहेत ते शिवण्याहून बावीस इंची जुन्या सायकलवर येतात. रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तास. सकाळचा माणूस आला नाही तर डबल ड्युटी, म्हणजे सलग चोवीस. पहाटे शरीर आपोआप सगळ्यांत मंद होतं, त्या वेळी ते जागे असतात, आणि सकाळी शहर कामावर निघतं तेव्हा त्या गर्दीतून झोपेच्या ओझ्याने घरी जातात. मी त्यांना एकदा विचारलं, मामा, जाताना झोप येत नाही का?

"येते की ताई. पाय फिरत राहतात, पण ध्यान राहत नाही. तसं झालं की उतरायचं अन् हातात धरून चालायचं. वारज्याच्या पुलापर्यंत चाललं की जाते झोप."

मी सायकलीबद्दल जे काही वाचलं, ऐकलं, त्यात थकव्याबद्दल इतका नेमका सल्ला मला सापडला नव्हता. उतरायचं आणि हातात धरून चालायचं. तेव्हापासून मीही हे करते. आधी मला वाटायचं, की चालवायची किंवा ठेवून द्यायची, असे दोनच रस्ते आहेत. आता संध्याकाळी डोकं जड असेल तर येरवड्याचा चौक मी चालत पार करते, बंडगार्डन पुलावर शिरतानाचा वळसा चालत घेते, मधल्या सरळ रस्त्यावर हळू चालवते. लोक विचारतात, पंक्चर झाली का? नाही म्हणते, दमले आहे.

पण मामांना चालायचं असेल तर फुटपाथ तरी हवा. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकापासून रस्ते बांधण्याचा एक विचार पाळला जातो. माणूस चुकणारच, दमणारच, हे धरूनच रस्ता आखायचा. चुकलं तर त्याची किंमत जीव असू नये. त्यात पुढे हीही भर पडली, की रस्ता वापरणाऱ्याने आपण आज त्या लायक आहोत का हे स्वतः ओळखायला शिकलं पाहिजे. मला या दोन्ही गोष्टी बरोबर हव्या आहेत. पुण्याने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर तो चांगला आहे. प्रत्यक्षात सायकल ट्रॅकवर गाड्या उभ्या असतात, दर इमारतीच्या फाटकाशी तो तुटतो, पेव्हर ब्लॉक उचकटलेले असतात, आणि तो संपतो तो थेट बस थांब्याच्या गर्दीत. असा ट्रॅक फक्त ताज्यातवान्या, नजर तीक्ष्ण असलेल्या माणसाला वापरता येतो. त्या माणसाला त्याची सगळ्यांत कमी गरज आहे. रस्ता तपासायचा तर सकाळी सव्वाआठला रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्याच्या मागोमाग जाऊन तपासावा.

ऑफिसांनाही थोडं करता येईल. सकाळी निघताना बरी असलेली बाई संध्याकाळी तापलेली असू शकते, आणि तेव्हा तिला सायकल रात्रभर आत ठेवू देणारं फाटक लागतं. आमच्याकडे आधी "रात्री वाहन आत ठेवू नये" असा नियम होता. आम्ही काही जणांनी अर्ज केला, बोललो, आणि सायकलींसाठी तो शिथिल झाला. आता मार्चअखेरीच्या दिवसांत, दहा-दहा तास स्क्रीनसमोर बसून झाल्यावर, दोन-तीन सायकली तिथे मुक्कामाला असतात आणि त्यांच्या मालकिणी मेट्रोने घरी जातात. पुणे मेट्रोत सायकल बरोबरही नेता येते. फार दमलेल्या दिवशी ती जिन्यावरून न्यायच्या भानगडीत पडू नये, लिफ्ट असते.

सोसायटीत मात्र काम बाकी आहे. बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या ठेवायच्या, तर आणखी एक माणूस लागतो आणि दर फ्लॅटमागचा देखभाल खर्च वाढतो. मी समितीला पत्र दिलं आहे. काही सभासदांचं म्हणणं आहे, की मामांची स्वतःची तक्रार नाही, मग आपण कशाला? रात्रभर जागं राहून आपल्या घरांची राखण करणारा माणूस सकाळी वारज्याचा हायवे कसा ओलांडतो, हा प्रश्न आपल्या फाटकापाशी संपतो असं मला वाटत नाही. सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर हा विषय चौथ्या क्रमांकावर आहे. खर्चाचा तक्ता मी तयार केला आहे, आणि मामांना विचारून त्यांचं म्हणणंही लिहून घेतलं आहे.